गोड्या पाण्याचा कॅन घेऊन जहाजावर

निघायच्या दिवशी सकाळी मी सर्वांत आधी पाण्याचा कॅन धुतला. दहा लिटरचा, निळ्या झाकणाचा. आत मीठ आणि मूठभर तांदूळ टाकून खळखळून हलवला, अमरावतीचा नळ आला तसा काठोकाठ भरला, फडक्यानं पुसला आणि बॅगांच्या रांगेत नेऊन ठेवला. माझी बायको संगीता चहा घेऊन आली. कॅनकडे पाहून म्हणाली, "अहो, आपण समुद्रात चाललो ना?"

"म्हणूनच तर," मी म्हणालो.

वाचकहो, हसायच्या आधी थोडं ऐका. माझं गाव भातकुलीच्या पुढे, पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात आहे. तिथे विहिरीला पाणी असतं, पण तोंडात घेतलं की तोंड वाकडं होतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. आता योजनेचा नळ आला आहे, पण कुठे पाईप फुटला की दिवसचे दिवस कोरडा. आमच्याकडे लग्नाला जाणारा पाहुणा एक वेळ आहेर विसरेल, पाण्याचा कॅन विसरणार नाही. आणि इथे तर चार दिवस खाऱ्या पाण्यावरच राहायचं होतं.

ही सहल होती बाईसाठी. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्यात थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. आई लवकर गेली, मला बाईनंच वाढवलं. शिवेपलीकडच्या गोड्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून तिनं मला शाळेत घातलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून ती गावातल्या आमच्या घरीच राहते, आता एकटी. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण पाण्यासाठी अजून दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. "आता अमरावतीला चल," हे मी दर भेटीत म्हणायचो. शेवटी एकदा ती म्हणाली, "एक डाव समुद्र दाखव मले. मंग लावतो घराले कुलूप आन् येतो तुह्या घरी."

मी त्याच आठवड्यात कुलूप घेऊन आलो. चांगलं जाड, पितळी. आणि क्रूझची चौकशी सुरू केली.

क्रूझच का, असं बरेच जण विचारतात. हा सल्ला आमच्या साडूभाऊंचा. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, तेही सोबत येणार होते आणि ही त्यांची तिसरी क्रूझ. त्यांचं म्हणणं असं की गुडघे दुखणाऱ्या माणसाला बस, लॉज, जिने आणि रिक्षा यांपेक्षा जहाज सोपं. एकदा चढलं की खोली, जेवण आणि समुद्र, सारं लिफ्टच्या टप्प्यात. हे मला शंभर टक्के पटलं, आणि तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर तुम्हीही याचा विचार करा. फक्त चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा. ऐन वेळी मागितली तर मिळेलच असं नाही.

अमरावतीहून संध्याकाळची गाडी. अकोल्याला साडूभाऊ आणि त्यांच्या मंडळी चढल्या. बर्थखालचा कॅन पाहून साडूभाऊ दारातच थांबले.

"काय हो हे? जहाजाले पानी पाजून राहिले काय तुमी?"

"खारपाणपट्ट्यातला माणूस आहे मी," मी म्हणालो.

"मंग भाकरी, ठेचा, सरपणही घ्यायचं होतं बाप्पा!"

बाई खिडकीतून वळून शांतपणे म्हणाली, "ठेचा घेतला हाय."

जहाज दुपारी सुटणार असलं तरी आम्ही एक दिवस आधी मुंबईत पोचलो. तुम्हीही तसंच करा. रात्रगाडीला उशीर झाला तर लग्नमंडप थांबतो, जहाज थांबत नाही. बंदराच्या इमारतीत मूळ आधार कार्ड लागतं, फोनमधला फोटो चालवून घेतील या भरवशावर जाऊ नका. ऑनलाइन नोंदणी करून आपली वेळ आधी निवडली असेल तर रांग छोटी मिळते. मोठ्या बॅगा तिथेच पट्टी लावून घेतात आणि त्या थेट खोलीच्या दाराशी येतात, पण कधी कधी संध्याकाळ होते. तेव्हा गोळ्या, चष्मा, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. साडूभाऊ हे शिकले ते पहिल्या क्रूझला अर्ध्या चड्डीवर जेवायला बसून.

तपासणीच्या टेबलाशी कॅन अडला. तिथली मुलगी अदबीनं म्हणाली, "आजी, बाहेरचं पेय आत नेता येत नाही. पाणी मिळतं जहाजावर."

"मी पेय नाई आनलं वो माय, पानी आनलं," बाई म्हणाली. "समुद्रावर गोडं पानी कुठून देसान तुमी?"

"मिळतं, आजी. भरपूर मिळतं."

मागच्या रांगेत हसू फुटलं. मुलीनं कॅन ओतून टाकायला सांगितलं आणि बाईनं दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. गोडं पाणी ओतणं तिच्या हातून झालंच नसतं. ती तशीच मागे फिरली, बाहेर बॅगा उतरवणाऱ्या हमालांपाशी गेली आणि म्हणाली, "या रे बाबू, पानी प्या. अमरावतीचं हाय." ऊन चांगलं तापलं होतं. कुणी ओंजळीनं प्यायलं, कुणी बाटल्या भरून घेतल्या, एका टॅक्सीवाल्यानं तोंड धुवायला घेतलं तेव्हा बाईनं त्याला दटावलं, "प्यायचं हाय ते." रिकामा कॅन मात्र त्या मुलीनं हसून आत जाऊ दिला. ठेचा ठेवून घेतला.

तर पहिला धडा: तिकिटासोबत न चालणाऱ्या वस्तूंची यादी येते, ती वाचा. दारू, घरचं खाणं, इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर, आणि आगीशी संबंधित काहीही नाही. मी रोज सकाळी वंदनेला मेणबत्ती लावतो, ती आणि उदबत्तीचा पुडा दोन्ही तिथेच राहिले. सुरुवातीला मन खट्टू झालं. मग वाटलं, पंचशील तर पाठ आहे, त्याला काडेपेटी कशाला हवी.

खोली लहान, पण नीटनेटकी. तिसरा बिछाना भिंतीतून खाली येतो आणि त्यावर शिडीनं चढावं लागतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं शिडी चढताना बहिणीनं आणि बायकोनं खालून केलेल्या सूचना इथे देत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली मागावी. तिथे हलणं कमी जाणवतं. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी साडूभाऊंचा सल्ला: नकाशात आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे ते पाहा. मागच्या खेपेला त्यांच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव होता आणि खुर्च्या सरकवण्याचे आवाज त्यांनी पहाटेपर्यंत ऐकले.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका जागी जमवून जीवरक्षक जाकीट आणि जमायची जागा दाखवतात. ते चुकवू नका. खोलीचं कार्ड गळ्यात अडकवा. त्यावरच दार उघडतं आणि त्यावरच खर्च चढतो. मुख्य उपाहारगृहातलं जेवण, खेळ आणि नाटकाचा कार्यक्रम भाड्यात येतात. शीतपेयं, खास जेवणघरं आणि इंटरनेट यांचे पैसे वेगळे. किनारा सुटला की फोन विमानात ठेवतो तसा बंद करा, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल घरी येतं.

संध्याकाळी जेवणाच्या दालनात बाईला पाण्याचं यंत्र दिसलं. पेल्यात घोटभर घेऊन तिनं ते आधी जिभेच्या टोकावर ठेवलं, जसं गावात नव्या बोअरचं पाणी चाखतात. मग पेला रिकामा केला. पुन्हा भरला.

"गोडं हाय रे."

वाढणाऱ्या मुलाला मी विचारलं, एवढं पाणी मुंबईहून भरून आणता का? तो म्हणाला, थोडं बंदरावर भरतो, बाकीचं समुद्राच्या पाण्यातून मशीननं इथेच तयार होतं.

बाईनं काचेबाहेर पाहिलं. अंधार पडायला आला होता, पाणी करडं दिसत होतं. "या खाऱ्याचंच?" तिनं विचारलं. आणि जेवताना ती पुन्हा पुन्हा बाहेर पाहत राहिली.

पहिल्या रात्री संगीताला मळमळलं. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी, तुमच्या डॉक्टरांना विचारून. बाकी थोडं खावं, उघड्या हवेत जावं आणि दूरच्या आडव्या रेषेकडे पाहावं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बैलगाडीत बसल्यासारखं तं हाय. तू शेहेरातली, तुले नाई कळनार."

दुसऱ्या दिवशी गोवा. खाली उतरायचं तर परतीची वेळ मनगटावर लिहून ठेवा, आणि घड्याळ जहाजाचं धरा. आम्ही जवळच फिरून लवकर परतलो. साडूभाऊंनी जिन्याजवळ उभं राहून शेवटी धावत येणाऱ्या एका कुटुंबाची मजा पाहिली. "पैल्या डावाले आमीही असेच पळलो होतो," त्यांच्या मंडळींनी मागून सांगितलं. साडूभाऊ म्हणाले, "अनुभव म्हनतात त्याले."

तिसरा दिवस नुसत्या समुद्राचा. नवखी माणसं या दिवशी कार्यक्रमांमागे धावतात. मी सांगेन, पहाटे उठा आणि वरच्या मजल्यावर जा. तिथे कुणी नसतं.

मी गेलो तेव्हा बाई आधीच कठड्याशी उभी होती, पदर कानांवरून घट्ट घेऊन. मी शेजारी उभा राहून वंदना म्हटली. तीही ओठातल्या ओठात म्हणत होती. सूर्य पाण्यातून वर आला तेव्हा आम्ही दोघांनी आपोआप हात जोडले.

हात कठड्यावर ठेवत ती म्हणाली, "समुद्र पाह्यला. शब्द देला होता, आता येतो मी तुह्या घरी."

हेच ऐकायला मी आलो होतो. पण ती समुद्राकडे पाहत नव्हती, कठड्यावरच्या स्वतःच्या हातांकडे पाहत होती. ज्या घरात मी वाढलो त्याची चावी ती जणू माझ्या हातात देत होती आणि मला ती घ्यावीशी वाटेना.

"मनातून येतेस?" मी विचारलं.

"मनाचं काय. पान्यासाठी लोकाच्या दारात किती दिस जायचं?" मग समुद्राकडे मान करून, "एक सांग बाबू. हे जहाज चारीकडून खाऱ्या पान्यात हाय. तरी आपलं पानी आपल्यापाशी ठेवते. माह्या टिनावर सारा पावसाळा पानी पडते, नालीत जाते. ते काहून जाऊ देतो आपन?"

टाकं बांधून छताचं पाणी साठवणारी घरं आमच्या भागात आहेत, मी पाहिलेलीही आहेत. पण ज्या घराला कुलूप लावायचं त्याच्या अंगणात टाकं बांधायचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या डोक्यात कुलूप होतं, तिच्या डोक्यात घर होतं.

"टाकं बांधलं तर राहशील तिथे?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग तं तूच येशील माह्या घरी, पानी प्याले."

नाश्त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "वा! लोक क्रूझवरून फोटो आनतात, तुमी टाक्याचा नकाशा आनून राहिले." पण दुपारी तेच कागदाच्या रुमालावर पन्हाळ कुठून काढायची, पाईप कुठे वळवायचा हे मला काढून दाखवत होते.

परत आल्यावर लोक विचारतात, जावं का? जा. सणासुदीची गर्दी टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवसांचं तिकीट पाहा, आणि सारं जहाज पहिल्याच दिवशी पाहायला धावू नका. घरातल्या ज्या माणसाला आपण आजवर फक्त देवदर्शनाला किंवा दवाखान्यात नेलं, त्याला सोबत न्या. ते माणूस समुद्र पाहून काय म्हणेल हे आपल्याला आधी ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात गावी रजा घेऊन राहिलो. अंगणात खड्डा खणला, सिमेंटचं टाकं बांधलं, टिनाच्या कडेला पन्हाळ लावली, पहिल्या सरींचं धुळीचं पाणी बाहेर काढायला वेगळी तोटी बसवली आणि टाक्याच्या तोंडाशी गाळणी. मिस्त्रीच्या मागे बाई काठी टेकत उभी असायची, "वर उतार दे रे," म्हणून. पावसाळ्यात टाकं भरलं. आता हिवाळा आहे. गावी जाताना संगीता अजूनही सवयीनं कॅनला हात लावते आणि खाली ठेवते.

टाक्याला लोखंडी झाकण केलं, कारण अंगणात शेजारची पोरं खेळतात. झाकणाला कुलूप हवं होतं. मी अमरावतीहून ते पितळी कुलूप नेलं, जे बाईच्या घराच्या दारासाठी आणून ठेवलं होतं, आणि टाक्याला लावलं. चावी बाईच्या कमरेला आहे.