लेझमीच्या खोलीतली मुलगी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, ऑफिसातही नाही. नोकरीभर दुसऱ्यांच्या गोष्टी छापल्या. ही माझी होती, म्हणून मागे राहिली.

नव्वदीचं दशक सरत होतं. कर्वेनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या, आणि तरी संध्याकाळी नदीकडून गार वारा यायचा. मी एका मराठी दैनिकाचा शिक्षण वार्ताहर. खाली स्कूटर, कमरेला पेजर. ते दिवस मला अजून आवडतात — हेही सांगायलाच हवं.

तिथल्या महापालिकेच्या शाळेत दर गुरुवारी शैलाताई येत. मानसशास्त्र शिकलेल्या, पगार न घेणाऱ्या. मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला प्रत्येक शाळेत कुणीतरी हवं, हा त्यांचा हट्ट. मुख्याध्यापकांनी त्यांना लेझमी ठेवायची खोली दिली होती. बोलता बोलता मुली भिंतीवरच्या लेझमींशी चाळा करत. बाहेर व्हरांड्यात बारीक छुमछुम ऐकू आली की शिक्षकांना कळे — आत कुणीतरी बोलतंय, जायचं नाही. त्या खोलीत नियम एकच होता: नाव विचारायचं नाही. मला तो आवाज आजही आठवतो. तेव्हा ‘समुपदेशन’ हा शब्द आमच्या पानावर समजावून सांगावा लागे, आणि इथे ते लेझमींच्या आवाजात चाललेलं होतं.

मी तिथे इतक्या वेळा गेलो की मुली मला बुजेनाशा झाल्या. एका गुरुवारी सातवीतल्या एका मुलीनं मला बसू दिलं. तिचे वडील यवतमाळकडून आलेले. कारखाना बंद पडला, तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. सकाळी घरी येत आणि भिंतीकडे तोंड करून रडत. आई कामावर गेलेली. त्यांना एकटं सोडायची भीती वाटते, म्हणून ही शाळा बुडवायची. एवढंच. पण ते तिनं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं होतं.

शैलाताई क्षणभर दाराशी गेल्या, तेव्हा तिनं विचारलं, “सर, पेपरात नाही ना येणार?”

मी म्हणालो, “तुझं नाव नाही येणार.”

ती हसली. तिला वाटलं, मी नाही म्हणालो. तिला तसं वाटलंय, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं.

आमच्याकडे रीत होती — नाव बदलायचं, कंसात ‘नाव बदलले आहे’ टाकायचं, की झालं. मी तिला सुनीता केलं. बाकी सगळं ठेवलं: यवतमाळ, बंद कारखाना, कंपनीचं गेट, भिंतीकडचं तोंड. त्याशिवाय बातमी उभी राहत नव्हती. बातम्या तपासून पानात लावणाऱ्या डेस्कवरच्या काळेंनी वॉचमनच्या वाक्याखाली पेन्सिल ओढली. “हे ठेवायचंच का रे?” मी म्हणालो, ठेवा.

रविवारी छापून आलं. सोमवारी ते कात्रण कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये कुणीतरी चिकटवलेलं होतं. वडिलांनी मुलीचा दाखला काढला. कुठे गेले, शाळेला माहीत नाही.

शैलाताई ऑफिसात आल्या. आवाज चढवला नाही.

“नाव बदललंत, छान केलंत. मूळ नाव तर आम्हालाही माहीत नव्हतं.” मग म्हणाल्या, “अहो, हे सगळं तुम्ही लिहिलंत?”

काळे समोरच बसले होते. मी म्हणालो — “मी एवढं दिलं नव्हतं. डेस्कवर घातलं.”

त्या काळेंकडे वळल्या आणि जे बोलायचं ते बोलल्या. काळे ऐकत राहिले. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या गेल्यावर उठत म्हणाले, “चल खाली. चहा तुझ्याकडून.” त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. पुढे ते निवृत्त झाले, आणि मग गेलेही.

गुरुवारी खोलीत कुणी आलं नाही. पुढच्याही नाही. शैलाताई दिवाळीपर्यंत येत राहिल्या, एकट्याच बसत. नंतर ती पुन्हा नुसती लेझमींची खोली झाली.

आता महापालिकेच्या शाळांत समुपदेशक हवेत असं सगळेच म्हणतात, आणि नव्या वार्ताहरांपुढे बोलायला मला बोलावतात. नाव बदलून भागत नाही, असं मी त्यांना सांगतो. उदाहरण हेच देतो. सुरुवात ठरलेली — “आमच्या डेस्कवर एकदा एक चूक झाली.” मुलं लिहून घेतात. गेल्या महिन्यातही मी तसंच म्हणालो.

चूक डेस्कची नव्हती. काळेंनी विचारलं होतं. ठेवा, असं मी म्हणालो होतो.

त्या मुलीचं नाव मला अजून माहीत नाही.