ती तशीच बोलते

"मावशी, म्हणा बघू. कच्चा पापड, पक्का पापड."

मेंदूच्या आजारांचे डॉक्टर. नुकतेच महाराष्ट्रातून म्हैसूरला आलेले. आईने प्रयत्न केला. जीभ वळेना, लाळ ओघळली. मग तीच सांगू लागली, "पाणी गिळायला तोंदरे होतंय री. ठसका लागतोय."

डॉक्टर शेजारच्या दोन शिकाऊ डॉक्टरांकडे वळले. "तोंदरे म्हणे. ही मराठी की कानडी? यांची जीभच खिचडीची. तपासायचं काय?"

तिघेही हसले. मीही हसले. मीच म्हणाले, "ती तशीच बोलते, सर."

आमची माणसं फौजेतून म्हैसूरला आली. पिढ्यान् पिढ्या आम्ही घरात अशीच कानडी मिसळून मराठी बोलतो, त्रासाला तोंदरे म्हणतो. पण आई कधी अडखळत नव्हती. हे मला ठाऊक होतं. हेब्बाळच्या कारखान्यात मी आलेला माल मोजून घेते. मोजल्याशिवाय सही करत नाही. आईचंही मोजलं होतं. पेलाभर पाण्याला जूनमध्ये वीस सेकंद, ऑगस्टमध्ये पंचावन्न. तो कागद पर्समध्येच राहिला. आपल्या भाषेत ऐकून घेतील म्हणून मीच हट्टाने या डॉक्टरांकडे आले होते. त्यांच्यापुढे आम्ही गावंढळ ठरलो, त्याचीच मला लाज वाटली.

त्यांनी लिहिलं, बोलणं नेहमीचं. वयामुळे अशक्तपणा.

ऑटोत आईने विचारलं, "तू का हसलीस गं?"

चार शब्द. अकरा सेकंद.

त्यानंतर तिने बोलणंच सोडलं. नुसती मान हलवायची. कुवेंपुनगरातल्या शेजारणी म्हणाल्या, "अम्मा किती शांत झाल्या." ती बोलतच नव्हती, त्यामुळे बोलणं किती बिघडलंय हे घरातही कुणाला कळलं नाही. साडेतीन महिन्यांनी भात नाकातून आला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी सुया टोचून स्नायू तपासले. म्हणाले, "मोटर न्यूरॉनचा आजार असू शकतो. नक्की नाही. तीन महिन्यांनी परत बघू. बोलणं किती वेगाने बिघडतंय, हे पहिल्या डॉक्टरांच्या कागदावरून कळलं असतं. पण त्यात बोलणं ठीक लिहिलंय."

मी आईला घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीच लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. "ही नोंद चुकीची आहे. दुरुस्त करा."

"तुम्हीच म्हणालात ना, ती तशीच बोलते?"

"हो. खोटं बोलले. तुम्ही हसलात म्हणून."

"बाई, आजाराचं नाव ठरलं तरी तो बरा करायला औषध नाही. एक ओळ बदलून काय मिळणार?"

"काही नाही. लिहा."

बाहेर अठरा माणसं खोळंबली होती. नर्स दोनदा डोकावली. मी उठले नाही. आई तोंडाला रुमाल लावून बसली होती. मी म्हटलं, "काढ तो. पडू दे लाळ टेबलावर."

त्यांनी लिहिलं, पहिल्या भेटीतही बोलणं अडखळत होतं, असं मुलगी सांगते.

"मुलगी सांगते, हे खोडा. ऐकलंत तुम्ही."

त्यांनी खोडलं.

आजाराचं नाव अजून कुणी नक्की सांगत नाही. ते कळेपर्यंत आईचा आवाज उरेल, असंही कुणी सांगत नाही. आता ती पुन्हा थोडं बोलते, दिवसाकाठी चाळीसेक शब्द, माझ्याशी त्यातले पाच. तिने मला माफ केलेलं नाही. मागणारही नाही मी माफी. पुढच्या तपासणीला तिचं प्रत्येक वाक्य, ती म्हणेल तसंच, डॉक्टरला ऐकायला लावीन. ती संपवेपर्यंत त्या खोलीत कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.