यामिनीच्या खेळातली हवा

खेळ म्हणजे काय असतं तेच यामिनीला कळत नाही, असं माझं साफ मत होतं आणि ते मी तिच्या तोंडावर सांगायचो. खेळ म्हणजे एक जिंकतो, एक हरतो. कॅरम घ्या, कबड्डी घ्या, अगदी पत्ते घ्या. आणि हिचा खेळ? कम्प्युटरमधल्या कुठल्याशा बेटावर उतरायचं आणि फिरायचं. कुणी मागे लागलेलं नाही, कुणाला मारायचं नाही, काही मिळवायचं नाही. "अगं, मग तू तिथं करतेस तरी काय?" असं विचारलं तर म्हणते, "काही नाही, नानाकाका. असते तिथं."

असते तिथं! आमच्या मल्हारगंज मोहल्ल्यात जशी जागाच उरली नव्हती असायला!

तर ही यामिनी म्हणजे आमच्या शंकररावांची मुलगी. शंकर आणि मी एकाच मिलमधले, एकाच विणाईखात्यातले, शेजारशेजारच्या मागांवर सगळी जवानी काढलेले. मिलचं गेट बंद झालं तेव्हा पोरगी कॉलेजात होती. आता तिशी ओलांडली. मधल्या काळात आई गेली, लग्न राहून गेलं. का राहिलं ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं. गल्लीतल्या छापखान्यात ती कम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते. दिवसभर दुसऱ्यांचे चिरंजीव आणि दुसऱ्यांच्या सौभाग्यकांक्षिणी एका ओळीत आणायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बेटावर जायचं. छापखान्यानं नवा कम्प्युटर घेतला तेव्हा जुना तिनं घरी आणला. वरच्या मजल्यावर ते बापलेक, खाली मी एकटा. माझी मंडळी जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा नाशिकला. तिकडचा पोहा मला गळ्याखाली उतरत नाही, म्हणून मी इथंच.

रविवारी सकाळी यामिनी पोहे घेऊन खाली यायची. मी मुद्दाम तिच्या खेळावरून छेडायचो, कारण एरवी ती हो-नाहीपलीकडे बोलत नसे. पण खेळाचा विषय निघाला की भिया, पोरगी अशी सुटायची की पोहे थंड होत.

"पहिलं काम काय करते माहितीये? संगीत बंद," ती म्हणायची. "खऱ्या जागेत कुणी आपल्यामागं पेटी वाजवत फिरतं का? संगीत लागलं की समजायचं, बनवणाऱ्याला स्वतःच्याच जागेवर भरोसा नाहीये. वारा पाहिजे. पावलांचा आवाज पाहिजे. आणि तो कोपऱ्यातला आकडा नको. किती गुण झाले, किती जीव उरले. आकडा दिसला की मी धप्पकन खुर्चीत परत येते. आपण खुर्चीवर बसलोय हे जो विसरायला लावतो तो खेळ चांगला, बाकी सगळे बेकार."

"पण जिंकायचं काय त्यात?"

"नफा-तोटाच मोजायचा तर मारवाड्याच्या पेढीवर नाही का बसणार काका!"

रंगवलेल्या दारांवर तर तिचा फार राग. खेळात एक गल्ली असते म्हणे, दोन्ही बाजूंना घरं, दारांना कड्या. आणि कडीला हात लावला तर दार म्हणजे नुसती भिंत. "कडी रंगवलीय ना? मग उघडलंच पाहिजे. नाहीतर कडी रंगवायची नाही. हे तोंडावर खोटं बोलणं झालं." त्या दिवशी ती इतकी तापली होती की खामखा मीच त्या दारांच्या वतीनं माफी मागितली.

एका बर्फातल्या गावाची मात्र ती फार तारीफ करायची. "बर्फावर चाललं की एक आवाज, लाकडाच्या फळीवर चाललं की दुसरा. मी संध्याकाळभर फळीवरून बर्फात आणि बर्फातून फळीवर करत होते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, शंकरराव, तुमची पोरगी गेली कामातून. हे मी मनात म्हटलं, कारण शंकरला काही म्हणण्यात अर्थच उरला नव्हता. त्याचं सगळं उत्तर म्हणजे "हूं".

आणि माणसं असलेले खेळ तिला नको असायचे. का, तर त्या माणसांना दोन वाक्यं शिकवून उभं केलेलं असतं. दहादा समोर जा, तीच दोन वाक्यं. "घरी तर तेवढीही नाहीत," असं म्हणून ती हसली होती. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मी एकदा चिडून म्हटलं, "फिरायचंच आहे ना, मग रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जा की! गरम जिलबी खा, भुट्ट्याचा कीस खा. खरी माणसं, खरे आवाज."

"एकटी बाई सराफ्यात जिलबीचा दोना घेऊन उभी राहिली की लोक कसे बघतात, तुम्हांला काय माहीत काका? बेटावर कुणी बघत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे पण सांगते, रिकामी जागा वेगळी आणि कुणीतरी उठून गेलेली जागा वेगळी. रिकाम्या जागेत मलाही बोअर होतं. पण टेबलावर कप आहे, खुर्ची जराशी मागं सरकलेली आहे, अशा खोलीत मी कितीही वेळ बसते. वाटतं, येईल परत. त्याला मी हवा म्हणते. एखाद्या खेळात हवा असते, एखाद्यात नसते. सगळं काम हवेचं आहे."

 मलाही अशा खोल्या माहीत आहेत. माझं घर तसंच आहे.

त्याच रविवारी पोह्याची ताटली उचलता उचलता तिनं विचारलं, "काका, बाबा तुमच्याशी तरी बोलतात का हो?"

"नाही गं. आता नाही."

"मिलमध्ये बोलायचे?"

मला हसूच आलं. शंकर बोलायचा का! अहो, अख्ख्या खात्यात त्याच्याएवढा बडबड्या माणूस नव्हता. मालकाची नक्कल, मुकादमाची नक्कल, बायकोशी काय भांडण झालं, पोरीनं शाळेत काय दिवे लावले, सगळं सगळं. फक्त आवाज नव्हता. तिथं शेकडो माग एकदम चालायचे, कानाशी तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग आम्ही ओठांनी बोलायचो. तोंड मोठं करून, सावकाश, हाताची थोडी मदत घेऊन. आणि समोरच्यानं ते वाचायचं. नवा माणूस सहा-आठ महिन्यांत शिकायचा. आणि एक रीत पक्की होती: पाठीशी कुणी बोलायचं नाही. कुणाशी बोलायचं असेल तर सुताचा बोळा त्याच्या पाठीवर फेकायचा, तो वळला की बोलायचं.

यामिनी ताटली हातात धरून तशीच उभी राहिली. "मी तर त्यांना कधी बडबड करताना पाहिलंच नाही. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे."

"कान सुन्न व्हायचे गं. घरात बसल्यावर सगळं इतकं चुपचाप वाटायचं की काय बोलावं कळायचं नाही. आणि मिल गेल्यावर तर आवाजच गेला, मग बोलणंही गेलं. मी त्यातल्या त्यात बेशरम, ओरडून बोलायला शिकलो. शंकर नाही शिकला. त्याला आता ऐकायलाही कमी येतं, पण कबूल करत नाही."

"मला एकदा त्यांचं ऐकायचंय काका," ती म्हणाली. "काहीही बोलू देत. शिव्या दिल्या तरी चालेल. आई गेल्यापासून त्या घरात मी एकटीच बोलते, आणि आता मीपण बंद केलंय." तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती उड्या मारत खाली आली. जेल रोडच्या दुकानातून खेळाची नवी सीडी आणली होती. खेळात नदीकाठची एक विलायती कापडमिल होती. आत माणूस कुणी नाही, पण यंत्रं चालू. "फुल हवा आहे काका! मी दारातच उभी राहिले होते. बाबांना दाखवायचंय. तुम्ही पण या. तुम्ही दोघं असलात तर कदाचित बोलतील." त्यासाठी तिनं चांगले मोठे स्पीकरही आणले होते.

दुपारी मी वर गेलो. संध्याकाळी मी सहसा जात नसे, आणि गेलोच तर पाहुणा आला म्हणून ती खेळाचा आवाज बंद करायची. त्यामुळं खेळ चालू असताना त्या खोलीत बसायची माझी ती पहिलीच वेळ. यामिनी नेहमीसारखी कम्प्युटरसमोर. तिच्या मागं खाटेवर शंकर, त्याची रोजची जागा. मी कम्प्युटरच्या बाजूला भिंतीशी स्टुलावर बसलो, म्हणजे मला शंकरचं तोंड दिसत होतं आणि मान वळवली की पडदा.

आधी नुसता नदीवरचा वारा होता. मग तिनं मिलचं दार उघडलं आणि माग सुरू झाले.

काय सांगू! अंगावर सर्रकन काटा आला. मी लगेच आरडाओरडा सुरू केला. "अरे, कापसाची धूळ कुठाय? एवढा स्वच्छ माग असतो होय! आणि खिडक्या उघड्या कुणी ठेवल्या, वाऱ्यानं सुकून सूत तुटेल ना!" यामिनी पडद्यावरून नजर न काढता हातानंच मला गप्प बसवत होती. मी हसत शंकरकडे बघितलं, म्हटलं बघ तुझी पोरगी कशी रुबाब करते.

शंकरचे ओठ हलत होते.

तोंड मोठं करून, सावकाश, जसा मागावर उभा राहून बोलायचा तसाच. "नाना," तो म्हणत होता, "कुठं होतास रे इतकी वर्षं?"

मी म्हटलं, म्हणजे मीही ओठांनीच म्हटलं, "खालीच तर आहे."

"बोलत नाहीस."

"तू बोलत नाहीस."

"मी बोलतो." त्यानं हनुवटीनं यामिनीच्या पाठीकडं खूण केली. "हिच्याशी रोज बोलतो. हिच्या कम्प्युटरचा वारा सुरू झाला की बोलतो. हिच्या आईचं सांगतो. मिलचं सांगतो. तुझं तर किती वेळा सांगितलं. ही वळून बघत नाही."

"अरे, मग हाक मार! बोळा मार!"

"पोरीला बोळा कसा मारू? कामात असते. मला वाटतं, ऐकत असेल." मग तो थोडा पुढं झुकला. "नाना, रुसलीय का रे ही माझ्यावर? लग्नाचं मी काही केलं नाही म्हणून?"

 तेवढ्यात, मी एकदम चूप कसा झालो म्हणून असेल, यामिनीनं मागं वळून पाहिलं. बापाचे ओठ हलताना तिनं पहिल्यांदा पाहिले. तिला वाटलं, बाबा बोलताहेत आणि आवाजात ऐकू येत नाहीये. कुणालाही तेच वाटलं असतं. "थांबा, थांबा बाबा, कमी करते!" म्हणत ती धडपडत उठली आणि तिनं स्पीकर पार बंद केले.

खोली चुपचाप झाली आणि शंकरचं तोंड मिटलं.

"बोला ना बाबा. काय म्हणत होतात?" ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, बोला ना!"

"हूं," शंकर म्हणाला. "काही नाही. चहा ठेव."

ती उठून जिन्यात गेली आणि रडायला लागली. मी मागं गेलो. "माझीच चूक आहे," ती म्हणाली, "मध्येच उठायला नको होतं. काय म्हणत होते ते? फक्त तेवढं सांगा."

सांगू की नको असं मला झालं. पण पाठीशी बोलायची आमची रीत नाही, आणि ती तर समोर उभी होती. मी सगळं सांगितलं. माझा आवाज मोठा, कमी करता येत नाही. त्यामुळं ते सांगणं सगळ्या जिन्यात घुमलं.  शेवटी ती म्हणाली, "रोज?"

"रोज म्हणाला."

"मी तर रोज तिथं बेटावर असायचे, काका," ती म्हणाली. "मला वाटायचं बेटावर कुणीच नाही."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. चहा ठेवला नाही. स्पीकर चालू केले, होते तेवढे मोठे. माग पुन्हा धडधडू लागले. पडद्याकडं न बघता तिनं खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि शंकरच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी पुढं ओढून बसली.

शंकरनं तिच्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो, मला त्याचे ओठ स्पष्ट दिसत होते. "तर काल काय सांगत होतो," तो म्हणाला, "तुझी आई तेव्हा पाचवारी नेसायला लागली होती…"

मी ओरडून सांगायला तोंड उघडलं, तर यामिनीनं हात वर करून मला थांबवलं. शंकर सांगत होता, हसत होता, हातवारे करत होता. ती त्याच्या ओठांवरून नजर हलू न देता मान हलवत होती आणि तिला एक अक्षरही कळत नव्हतं.