गच्चीवरची तार

जळगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक तीन मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर दोन लोखंडी नळांच्या मध्ये एक तांब्याची तार गेल्या वर्षापर्यंत ताणलेली होती. नव्या माणसाला ती कपडे वाळत घालायची तार वाटे. एका भाडेकरणीने एकदा तिच्यावर खरोखरच गोधडी टाकली, त्या दिवशी योगराज बाविस्कर दुपारपर्यंत जेवले नाहीत.

योगराजनाना भुसावळला रेल्वेच्या दूरसंचार विभागात होते. तिथल्या रेल्वे कॉलनीत काही तंत्रज्ञांनी मिळून हौशी रेडिओचा क्लब काढला, तेव्हा नाना त्यांच्यात सर्वांत लहान. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरी रेडिओ संच लावायचा आणि पदरमोड करून दूरच्या माणसांशी बोलायचे, असा हा उद्योग. सुरुवातीला बोलणे हवेचे आणि आवाज कसा पोचतो याचेच असे. मग एका पावसाळ्यात पांझरा नदीला पूर आला. धुळ्याकडचे फोन बंद पडले आणि लोकांचे निरोप या मंडळींनी पोचवले. ‘आई सुखरूप, म्हैस गेली’ हा निरोप नानांनी सायकलवर जाऊन एका घरी सांगितला होता. त्या घरातली बाई आईसाठी हसली आणि म्हशीसाठी रडली, हे ते अजून सांगतात.

जुने लोक एकेक करून गेले. कोणी वारले, कोणी मुलांकडे राहायला गेले. क्लब उरला तो नानांच्या या जळगावच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, रोज सकाळच्या हजेरीपुरता. नाना एकेकाचे नाव पुकारत, तो माणूस ‘हजर’ म्हणे, घरचे दोन शब्द सांगे आणि ‘ओव्हर’ म्हणून थांबे. जो सलग दोन दिवस बोलला नाही, त्याच्या घरी जवळच्या सभासदाने जाऊन यायचे, हा क्लबचा जुना नियम. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो म्हणून मलाही नानांनीच परीक्षेला बसवले होते. बोलायला फारसे नसले तरी मी हजेरी चुकवत नसे.

हजेरीतले शेवटचे नाव आमश्याचे. हा पिंपळनेरच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर राहतो, पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. पाड्यावर मोबाइल लागत नाही. त्याचे घर दरीत असल्यामुळे त्याचा आवाज इतका बारीक येई, की तो आम्हा कुणालाच ऐकू येत नसे. फक्त नानांच्या उंच तारेवर तो उमटे. नाना डोळे मिटून ऐकत आणि आम्हाला सांगत. एकदा बाळंतपण अडले होते, तेव्हा गाडी बोलावली ती याच वाटेने. तेव्हा जन्मलेल्या मुलीला पाड्यावर अजून रेडिओ म्हणतात.

नाना घर सोडत नव्हते ते या आमश्यामुळे. आणि घर सोडायला तर हवे होते, कारण कमलबाईंचे गुडघे गेले होते.

कमलबाई साक्रीकडच्या. घरात त्या नेहमी अहिराणीच बोलत आल्या. इमारतीला लिफ्ट नाही. चढताना त्या प्रत्येक पायरीवर थांबत, पुढे उतरणेच थांबले. दिवाळीला त्या खाली आल्या होत्या, त्यानंतर नाही. भाजीसाठी त्यांनी गॅलरीतून दोर सोडायला सुरुवात केली. भाजीवाली हाक मारी, दोराची टोपली खाली जाई, मेथी आणि वांगी वर येत. कधी भाजीवाली चेष्टेने म्हणे, अक्का, आज टोपलीत मीच बसते, ओढा वर. कमलबाई वरून हसत, पण टोपली वर घेतल्यावर बराच वेळ तिथेच उभ्या राहत. मला माझ्या गच्चीवरून दिसत.

त्यांची मुलगी रोहिणी शेजारच्याच वस्तीत. तिच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि ती त्या भाड्याने देत नव्हती. नाना तिथे एकदा छोटा संच घेऊन गेले. चहूकडे उंच इमारती, डोक्यावर विजेच्या तारांचे जाळे. नुसती खरखर. नाना परत आले आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. असे बरेच पुढचे महिने गेले.

मग फाल्गुनातली ती सकाळ.

हजेरी संपली. नानांनी नेहमीसारखे सगळ्यांना निरोप दिला आणि हातातला माइक टेबलावर ठेवला. माइक जुना. बोलायला त्याचे बटण दाबायचे आणि ऐकायला सोडायचे. बटणाची स्प्रिंग ढिली झाली होती. नवा माइक घ्या असे आम्ही म्हणायचो, आणि अजून चालतो आहे असे ते म्हणायचे. त्या दिवशी बटण दाबलेलेच राहिले. आमच्या छंदात ही चूक केव्हातरी प्रत्येकाकडून होते आणि हिच्याइतकी लाजिरवाणी दुसरी नाही. आपण बोलतो ते साऱ्यांना ऐकू जाते, पण आपला संच बोलत असेपर्यंत त्याला ऐकू मात्र काहीच येत नाही. ज्याला सावध करायचे, तोच बहिरा झालेला असतो.

मला आधी कपबशीचा आवाज आला. मग कमलबाईंचा. रोहिणीचा फोन आला होता, असे काहीतरी त्या म्हणाल्या. नाना पुढच्या महिन्यावर आले. मी माझ्या माइकवरून नाना, नाना करत राहिलो, ते व्यर्थ आहे हे माहीत असूनही. फोन लावला. हजेरीच्या वेळी नाना मोबाइल आतल्या खोलीत कपाटात ठेवत, संचात खरखर येते म्हणून. मी चपला घातल्या. दारातून निघता निघता मागे माझ्या संचातून कमलबाईंचा आवाज ऐकू आला.

“बठ्ठास्नी हजेरी लेतस तुमी. मनी कोन लेई?” सगळ्यांची हजेरी घेता, माझी कोण घेणार, असे त्या विचारत होत्या.

पुढचे मला नंतर आमश्याने भेटीत सांगितले. त्याने शब्दन् शब्द ऐकला होता. चोपड्याची ममता, ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तिने कमलबाई रडायला लागल्यावर आपला संच बंद केला. कोणी काय केले ते दोघांनी आपणहून सांगितले आणि दोघांचेही मला बरोबरच वाटले.

कमलबाई म्हणाल्या, भाजीवाली आवाज देते, मी दोर सोडते, पण तिचे तोंड कसे आहे ते मला माहीत नाही. वरून नुसता डोक्यावरचा पदर दिसतो.  मग नानांनी जे सांगितले ते क्लबात कोणाला कधीच सांगितले नव्हते. मलाही कंटाळा आला आहे, ते म्हणाले. रोज सकाळी या खुर्चीत बसताना माझे पाय नको म्हणतात. “पण मी उठलो तर आमश्या कोणाला ऐकू येईल? तू सांग. तू म्हणशील तर मी आत्ता उठतो.”

 त्या बाळंतपणाच्या दिवशी नानांच्या शेजारी कमलबाईच बसल्या होत्या; उठा म्हणणे त्यांनाही जमले नाही.

मी धापा टाकत वर पोचलो आणि दारातूनच माइककडे बोट दाखवले. नानांनी तो उचलला, बटण नखाने वर काढले. संचातून एकदम खरखर सुरू झाली, आणि तिच्यात कोणाचाच आवाज नव्हता.  नानांचा चेहरा उतरला. पहिला विचार मात्र त्यांना नियमाचाच सुचला.

“कमल, तुझ्याकडे परवाना नाही,” ते म्हणाले. “तू विनापरवाना बोललीस.”

“बरं झायं,” कमलबाई म्हणाल्या आणि माझ्यासाठी पाणी आणायला भिंत धरत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी हजेरी घेतली आणि आधी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली. ममतेने अक्कांचे गुडघे कसे आहेत विचारले. आमश्याची पाळी आली तेव्हा नाना डोळे मिटून ऐकत राहिले आणि नेहमीसारखे आम्हाला काही सांगेनात. त्या दिवशी मी त्यांच्याकडेच, समोर बसलो होतो. कानाला लावायचा हेडफोन त्यांनी काढून माझ्या हातात दिला.

“नाना, तुम्ही खाली उतरा,” आमश्या पलीकडून पुन्हा सांगत होता. “मी वर चढतो. ओव्हर.”

पाड्याच्या वर एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून ममतेला त्याचा आवाज येतो का, हे त्याने आदल्या संध्याकाळीच जाऊन पाहिले होते. येत होता. आता हजेरी चोपड्याहून ममता घेते. आमश्या रोज सकाळी बॅटरी खांद्यावर घेऊन टेकडी चढतो, दोन सागांच्या मध्ये तार बांधतो, बोलतो आणि उतरतो. तार वरच ठेव असे ममतेने सुचवले होते. माकडे ठेवू देत नाहीत.

नाना-कमलबाई रोहिणीच्या तळमजल्यावर राहायला गेले. गच्चीवरची तार उतरवायला मी गेलो होतो. नानांनी ती हळूहळू गुंडाळली आणि ज्या भाडेकरणीने गोधडी टाकली होती तिला सांगितले, आता नळ तुमचे.

ते रोज सकाळी संच लावतात. खरखर येते. जळगावातले दोघे-तिघे ऐकू येतात, बाकी काही नाही. मग ते संच तसाच चालू ठेवून मोबाइल हातात घेऊन ओट्यावर बसतात, आमश्या हजर झाला हे सांगणाऱ्या ममतेच्या फोनची वाट बघत. पावसाळ्यात तर त्यांना चहा जात नाही. टेकडीची वाट निसरडी होते, आमश्याच्या पायात बूट नसतात, बॅटरी जड आहे. बूट नानांनी पाठवले, ते त्याने बायकोला दिले. तिला जंगलात जायचे असते म्हणाला.

परवा मी गेलो तेव्हा भुरभुर चालू होती. कमलबाई काठी टेकत कोपऱ्यावरून पिशवी घेऊन येत होत्या. भाजीवालीचे नाव धुरपदाबाई, आणि तिच्या हनुवटीवर गोंदण आहे, असे त्यांनी मला लांबूनच सांगितले. हे मी आधीही ऐकले होते. ओट्याशी येऊन त्या थांबल्या. नानांच्या हातातला फोन वाजला नव्हता.

“चढना का तो?” त्यांनी विचारले.

नानांनी मान हलवली, अजून नाही. कमलबाई आत गेल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी ओट्यावर बसल्या.