रविवारची मावशी

शर्ट शिवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला कॉलरवाली म्हणत, कारण अकरा वर्षांत तिनं दुसरं काही शिवलंच नव्हतं. बाह्या, खिसे, काज-बटणं इतरांकडे, कॉलर हिची. दोन्ही टोकं अशी जुळायची की कटिंग मास्तरांनी पट्टी लावली तरी केसाचा फरक सापडत नसे. अशा सरळ हाताच्या बाईनं आयुष्यात एकच वाकडी गोष्ट केली होती, ती म्हणजे मावशी.

मावशी जन्माला आली ती नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. त्याआधी, नवरा गेल्यावर सैरभैर झालेली ही बाई एका रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसली होती, आणि मग तिथलीच झाली. येशूनं आपल्याला धरून ठेवलंय, एवढं तिला पक्कं कळलं. पण कारखान्यात ते सांगायची छाती होईना. तिथं डबे एकत्र उघडायचे, एकमेकींच्या डब्यात बिनदिक्कत हात जायचे. उद्या कुणी आपला डबा जरासा पलीकडे सरकवला तर? त्यातून शेजारच्या टेबलावरची इस्त्रीवाली म्हणजे तिचा जीव की प्राण. तेव्हा रविवारच्या जादा कामाला बोलावलं की ही म्हणायची, "मावशी आजारी आहे हो, रविवारी मलाच बघावं लागतं."

थाप एकदा मारली की तिला पोसावंही लागतं. लोक विचारत गेले, ही सांगत गेली. मावशीला आधी दमा झाला, मग गुडघे गेले, मग मोतीबिंदू. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन हिनं दोनदा करवलं. दर रविवारी प्रार्थनेत ही धैर्य मागायची आणि दर सोमवारी मावशीची तब्येत सांगायची. स्वतःचीच लाज वाटायची तिला, पण धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती.

त्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर येऊन म्हणाले, "उद्या सगळ्यांनी यायचंय, मोठी ऑर्डर आहे. आणि बाई, तुम्ही मावशींची काळजी सोडा. माल पोचवायला गाडी तुमच्याच बाजूला जाणार आहे. दुपारी सगळेच बसू गाडीत आणि म्हातारीला भेटून येऊ. किती वर्षं नुसतं ऐकायचं?"

"मी तर कधीची म्हणतेय!" इस्त्रीवाली खूश झाली.

कॉलरवालीच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारभर ती मशीनवर वाकून होती. भेटवायला मावशी आणायची कुठून? नको म्हणावं तर कारण काय सांगायचं? डोकं चालेना, पाय मात्र पायडलवर चालत राहिले. पाच वाजता मास्तरांनी गठ्ठा उचलला, तर सगळ्या कॉलरी कापडाची उलटी बाजू वर करून शिवलेल्या.

"हे काय?" मास्तरांचा आवाज चढला, आणि तिचा चेहरा बघून तसाच उतरला. "बाई, फोनबिन आला का? मावशी... गेल्या का?"

एकेक मशीन थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला. बाया उठून उभ्या राहिल्या.

नुसती मान हलवायची होती. मावशी सुखानं गेली असती, उद्याची सुट्टी मिळाली असती. पुढच्या रविवारसाठी एखादा काका शोधता आला असता. पण इस्त्रीवालीच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी येत होतं, आणि ते बघून तिची मान हलेना.

"गेली नाही," ती म्हणाली. "नव्हतीच. मला मावशीच नाही."

इथं थांबले तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "मी दर रविवारी चर्चला जाते. मी ख्रिस्ती आहे. नवरा गेला तेव्हा येशूनं मला सावरलं, माझा त्याच्यावर विश्वास आहे. तुम्ही मला दूर कराल म्हणून सांगायला घाबरत होते."

"मग डोळ्याचं ऑपरेशन?" बटणवालीनं विचारलं. हसावं की नाही, कुणालाच कळेना.

मास्तरांनी चष्मा चढवला. "कॉलरी उसवून टाका," एवढंच म्हणून ते निघून गेले.

बाया पिशव्या उचलून पांगल्या. इस्त्रीवाली मात्र समोर येऊन बसली आणि गठ्ठ्यातली एक कॉलर ओढून टाके काढू लागली. कॉलरवालीनंही दुसरी उसवायला घेतली.

"तू चर्चला जा, नाहीतर आणखी कुठं जा, मला त्याचं काही नाही," ती वर न बघता म्हणाली. "पण मी रोज सकाळी त्या बाईसाठी देवाला हात जोडत होते गं. माझी आई अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हासुद्धा आधी तुझ्या मावशीचं नाव घ्यायचे. म्हटलं, हिला दुसरं कोण आहे?"

कॉलरवालीच्या हातातलं काम थांबलं. इस्त्रीवालीची आई सहा महिने अंथरुणावर होती. त्या सहा महिन्यांत तिच्यासाठी आपण चर्चमध्ये एकदा तरी काही मागितलं होतं का, ते ती आठवू लागली. एकही रविवार आठवेना.