सरळ बोट

कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवायचं नाही, हे गोदाबाईंच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं. वेलीवरचा दोडका दाखवायचा तर तर्जनी आकड्यासारखी वाकवून दाखवायची. चुकून सरळ दाखवलंच, तर लगेच बोट पुरतं मुठीत घालायचं. नाहीतर फळ वाढत नाही, जागच्या जागी कुजतं. याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. विचार करावा लागण्याआधीच बोट वाकत असे.

कानडी मुलखातल्या सरस्वतीपुरममध्ये त्यांना सगळे ओळखत ते मोग्गिन जडेमुळे. नवरीच्या किंवा गर्भारशीच्या वेणीवर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्यांची नक्षी चढवतात, ती ही जडे. नवरा गेल्यापासून वीस वर्षं गोदाबाईंनी चामराजपुरमपासून बोगादीपर्यंत किती मुली सजवल्या, त्याची गणती नव्हती. यंदा घरचीच पाठ त्यांच्यासमोर बसायची होती. सून शरण्या गरोदर होती आणि सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, दोन ऑगस्टला ठरलं होतं. लेक साकेत बंगळूरला, शनिवार-रविवार तेवढा घरी. घरात एरवी दोघीच.

तीन जूनला विळीवर केळीचं सोपट चिरताना हात निसटला आणि पातं उजव्या तर्जनीच्या मधल्या सांध्यावर बसलं. डॉक्टरांनी आतली तुटलेली कंडरा शिवली. पुढचं मृण्मयीकडे सोपवलं. ही पुण्याहून आलेली फिजिओथेरपिस्ट.

"काकू, बोट सरळ करणारी दोरी तुटली होती," मृण्मयी स्प्लिंट बांधताना म्हणाली. "मधला सांधा सरळ राहिला तरच तिची टोकं एकमेकांना धरून राहतात. वाकला की टाका ताणतो. मग ती भरून येते, पण लांब आणि ढिली, आणि बोट कायमचं वाकडं राहतं. सहा आठवडे. अंघोळीला नाही, झोपेत नाही. एकदा जरी वाकलं तरी पहिल्या दिवसापासून मोजायचं."

टोकाचं पेर तेवढं मोकळं होतं. ते दिवसातून अनेकदा वाकवायचं, म्हणजे दोरी आत चिकटत नाही. गोदाबाईंनी हिशेब केला. पंधरा जुलैला सुटका, मग हात सैल करायला अडीच आठवडे. जडे होईल.

नवव्या दिवशी त्या मागच्या अंगणात उभ्या होत्या. शरण्यानं विचारलं, यंदा दोडका धरला का. गोदाबाईंचा हात उठला आणि बोट सरळच राहिलं. करंगळीएवढा दोडका बरोबर त्या टोकासमोर होता. त्यांनी मोकळं पेर वाकवलं. दोनदा, तीनदा. चार दिवसांनी तो दोडका पिवळा पडून देठाशी काळा झाला. मृण्मयीला सांगितलं तर ती म्हणाली, फळमाशी असेल. असेलही. पण शेजारचे दोन दोडके हिरवेगार लटकत होते.

त्यानंतर डाळिंबाचं एक पिल्लू गेलं. मग कुंडीतली पहिली मिरची. गोदाबाई हात पदरात गुंडाळून फिरू लागल्या. बसल्या जागी त्यांना जाणवे, बोटाचा रोख आपण ठरवत नाही. हात मांडीवर ठेवला तरी थोड्या वेळानं ते वेगळ्याच दिशेला असे, आणि त्या दिशेला पाहिलं की तिथे काहीतरी कोवळं असे.

एकतिसाव्या दिवशी चार वाजता शरण्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, "अत्ते, रव्याचा डबा एल्ली?" गोदाबाई दारात आल्या. डबा फळीवर होता, तो दाखवायला हात उठला, आणि त्याच क्षणी शरण्या वळून मधे आली. बोट तिच्या पोटावर रोखलेलं होतं.

शरण्या हसली. "काय हो अत्ते, टीचर वर्गात बोट करते तसं?"

पदराआड पेर वाकवत गोदाबाई खोलीत गेल्या. पाच वाजता शरण्या कॉफी घेऊन आली आणि सहज म्हणाली की आज बाळ गप्प आहे, या वेळेला रोज लाथा मारतं. साडेपाचला तीच म्हणाली, "इन्नू, अजून नाही हललं." आवाज सहज नव्हता. साकेतला फोन करू का, दवाखान्यात जाऊ का, असं ती विचारू लागली. गोदाबाईंनी तिला डाव्या कुशीवर आडवं केलं, रिक्षा बोलवायला शेजारी निरोप धाडला आणि आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

पेर पुरेसं नाही, हे दोडक्यानं सांगितलं होतं.

त्यांनी पट्ट्या सोडल्या. महिनाभर झाकलेलं बोट पांढरं, सुरकुतलेलं, परक्या कुणाचं असावं तसं होतं. मोजत आणलेले दिवस आठवले: अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस. दोन ऑगस्ट. त्यांनी बोट मुठीत घातलं आणि दुसऱ्या हातानं मूठ आवळली. आत काहीतरी हळूच सरकलं, ओला दोरा कापडातून ओढावा तसं.

बाहेरून शरण्या ओरडली, "अत्ते! हललं. केवढ्यानं!"

मृण्मयीनं बोट पाहिलं तेव्हा ते स्वतःहून सरळ होईना. वीस अंश कमी पडत होतं. का काढलंत, असं तिनं दोनदा विचारलं. गोदाबाई म्हणाल्या, खाज सुटली. शरण्यानं रागावून त्यांना चहासुद्धा दिला नाही. इतकी शिस्तीची बाई, आणि खाजेसाठी?

"पुन्हा पहिला दिवस," मृण्मयी म्हणाली. "आणि पहिल्यासारखं होईलच, असं मी आता म्हणणार नाही."

दोन ऑगस्टला जडे बाजारातून आली, तारेवर ओवलेली. गोदाबाई मागच्या खुर्चीत, हात पदरात घेऊन बसल्या. पुढच्या जडेंना हे बोट उपयोगाचं नव्हतं, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्याचं फार वाटलंही नाही. बोटाच्या बदल्यात बाळ मिळालंय, असं त्या मनाशी म्हणत.

ओटी भरून झाल्यावर शरण्या त्यांच्याजवळ आली. राग गेला होता. "बघा ना अत्ते, आत्ताच हलतंय," म्हणत तिनं पदरातला हात ओढून काढला आणि स्प्लिंटसकट आपल्या पोटावर ठेवला.

गोदाबाईंनी हात मागे घ्यायला पाहिलं. शरण्यानं घट्ट धरला होता. बोट पोटावर सरळ पडलं होतं, आणि यावेळी त्यांना ते वाकवता येणार नव्हतं.

आतून काहीतरी आलं, बरोबर बोटाच्या टोकाशी टेकलं, आणि तिथेच थांबलं.