रुसलेलं लेकरू

संभाजीनगरच्या दवाखान्यात सासूबाई आयसीयूत होत्या, तेव्हा मी आठवेल त्या देवाला नवस बोलून ठेवले होते. बाहेर शेजारी पाचोडची एक ख्रिस्ती बाई बसायची. तिचा मुलगा आत होता. भाकरी खाण्याआधी डोळे मिटून ती देवाशी घरच्यासारखं बोलायची.

"ताई, नवस नाही बोललात?"

"बापाला कशाला लालूच दावायची, भाऊ?"

एका सकाळी सासूबाई बाहेरच्या वॉर्डात आल्या आणि तिचा मुलगा गेला. मी चहा नेऊन दिला. तिनं डोळे मिटले नाहीत.

"आज नाय बोलणार मी त्याच्याशी."

काहीतरी बोलायचं म्हणून मी शहाणा म्हणालो, "देव रागावेल हो."

"रागावू द्या. लेकरू रुसलं म्हून बाप घराबाहेर काढत नसतो," म्हणत तिनं पदर तोंडात कोंबला.